आयएस १ : तिरंग्याचं मानक

सिमेंट, हेल्मेट, बाटलीबंद पाणी अशा हजारो वस्तूंसाठी आज भारतीय मानकं आहेत. त्या यादीतला पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाचा आहे. या ध्वजाची खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरलाही विणली जाते आणि त्या खादीचे झेंडे तयार होतात नांदेडला, मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत.

मानक येण्याआधी ग्राहकाच्या हाती १९३०चा मालविक्री कायदा होता. वर्णन सांगून माल विकला, तर तो त्या वर्णनाबरहुकूम असला पाहिजे, असं त्याचं पंधरावं कलम सांगतं. नियम चोख, पण वर्णनच मोघम असेल तर तक्रार कशाच्या आधारावर करायची? २२ जुलै १९४७ला संविधान सभेने ध्वज स्वीकारला. ठरावात तीन समान आडवे पट्टे, त्यांचे रंग, मधलं निळं चक्र आणि प्रमाण एवढं होतं. केशरी नेमका कोणता, कापड किती वजनाचं, उन्हापाण्यात रंग किती टिकावा, हे त्यात नव्हतं.

ते लिहून काढलं भारतीय मानक संस्थेने. ६ जानेवारी १९४७ला स्थापन झालेल्या या संस्थेने १९५१मध्ये आयएस १ प्रसिद्ध केलं. १९६४मध्ये त्यातली मापं मेट्रिक झाली, १९६८मध्ये पुन्हा सुधारणा झाली. मानक पहिल्यांदा आलं तेव्हा मराठवाडा नुकताच मोकळा श्वास घेत होता. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात तिरंगा हाती घेणाऱ्याला तुरुंगाची वाट धरावी लागे. त्याच मुलखातल्या विणकरांच्या हाती पुढे ध्वजाचं कापड आलं.

मानकाची कसोटी कडक आहे. ध्वजाच्या अंगाला बंटिंग खादी, दोरी ओवायच्या पट्टीला जाड डक खादी. प्रमाण ३:२. आकार नऊच : सर्वांत मोठा ६३०० × ४२०० मिलिमीटर, त्यावरच्या चक्राचा व्यास १२९५, सर्वांत छोटा टेबलावरचा, १५० × १०० मिलिमीटर, चक्र अवघं २५ मिलिमीटरचं. दोन्हींत आरे चोवीसच, आणि चक्र दोन्ही बाजूंनी पूर्ण दिसलं पाहिजे. सूत, वीण, रंगाचा पक्केपणा, शिलाई, सगळ्याला माप आहे. एवढी मापं ठरली म्हणून दूरच्या गावातल्या शाळेलाही, नांदेडचा कारखाना न पाहता, मागवलेला झेंडा पारखून घेता येतो.

हे मानक विणकराच्याही कामी आलं. ध्वजसंहितेने खादी बंधनकारक केली होती, त्यामुळे हातसुताला हक्काचं गिऱ्हाईक होतं. ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीने यंत्रावरचं कापड आणि पॉलिस्टरही चालू लागलं. घरोघरी तिरंगा पोहोचावा हे मला मनापासून पटतं. पण त्यासाठी मापात न बसणारा, एका पावसात रंग सोडणारा झेंडा खपवून घ्यायची गरज नव्हती. कापड कुठलंही असो, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ध्वजाला रंगाच्या आणि शिलाईच्या किमान कसोट्या लागू व्हायला हव्यात. आणि खादीचा झेंडा घेताना मानकाची खूण मागून घ्यावी. त्या मागणीवरच उदगीरचे माग चालतात.