साखरेची न छापलेली किंमत

१/ ईट हे धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्याचे गाव. पर्जन्यछायेतला हा मुलूख ज्वारीचा, गुराढोरांचा आणि खव्याचा. दुष्काळी वर्षी येथील विहिरी आटतात. किराणा दुकानातील साखर मात्र आटत नाही. या विसंगतीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

२/ त्याचा आरंभ चहापासून होतो. १९०३ साली मळेवाल्यांच्याच मागणीवरून सरकारने निर्यात होणाऱ्या चहावर उपकर बसवला. तो पैसा चहाच्या प्रचारासाठी होता. पुढे गिरण्यांत, रेल्वे स्थानकांवर, बाजारांत चहा पोहोचवला गेला. गरज आधी नव्हती. ती घडवली गेली. चहाबरोबर साखरेचा खपही वाढला.

३/ १९३२ च्या संरक्षण कायद्याने जावाच्या साखरेला अटकाव झाला. देशातील साखर कारखाने पाचेक वर्षांत तीसेकांवरून सव्वाशेच्या पुढे गेले.

४/ ऊस पिकवायला पाणी कुठले? १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर दख्खनमध्ये नीरेसारखे कालवे काढले गेले. हेतू होता ज्वारी-बाजरी वाचवण्याचा. प्रत्यक्षात ते पाणी उसाकडे वळले.

५/ १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या या प्रयोगाने शेतकऱ्याला मालकी दिली. त्यातून शाळा, रस्ते, दवाखाने उभे राहिले. हे श्रेय नाकारता येत नाही. पण निजामी राजवटीतून १९४८ मध्ये मुक्त झालेल्या कोरड्या मराठवाड्यातही पुढे हाच नमुना रुजला.

६/ शेतकऱ्याचा यात दोष नाही. उसाला कायद्याने ठरलेला दर आणि ठरलेला ग्राहक आहे. ज्वारीला तशी शाश्वती नाही. परिणाम असा : कृषी मूल्य आयोगाच्या मते राज्यात ऊस लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम चार टक्क्यांवर, पण सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी त्याला. एक किलो साखरेमागे साधारण २,००० लिटर.

७/ १९९९ मध्ये चितळे आयोगाने तुटीच्या खोऱ्यांत उसावर निर्बंध सुचवले. ते कागदावर राहिले. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. आयोगाच्या हिशेबाने ते अडीचशे किलो साखरेचे पाणी, म्हणजे पाच पोती.

८/ दुसरी किंमत माणसांची. बीड आणि धाराशिवच्या कोरडवाहू गावांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची बिऱ्हाडे निघतात. मुलांची शाळा मागे राहते.

९/ साखरेच्या पुडीवर वजन आणि दर छापलेले असतात. पाणी, ज्वारीची गेलेली जमीन आणि मजुराचे सहा महिने त्या दरात नसतात. पण किंमत कुणीतरी मोजतोच. बहुधा तो, ज्याच्या विहिरीचा तळ आधी दिसतो.