वाकवलेला सूर परत आणताना

विजेच्या गिटारला घोडीजवळ एक वाकडी दांडी लावलेली आपण पाहिली असेल. वादक मधेच ती तळहातानं दाबतो आणि सरळ चाललेला सूर लवतो, थरथरतो, पुन्हा जागेवर येतो. दुकानात या दांडीला ‘ट्रेमोलो’ म्हणतात. हे नाव चुकीचं आहे. पाश्चात्त्य संगीताच्या परिभाषेत ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या लहानमोठेपणातला कंप आणि व्हायब्रेटो म्हणजे सुराच्या उंचीतला कंप. दांडी दाबली की आवाज कमी होत नाही, सूर खाली उतरतो. म्हणजे हा व्हायब्रेटोच. पण १९५४ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी स्ट्रॅटोकास्टर ही गिटार आणली, तिच्या दांडीला ‘ट्रेमोलो’ म्हटलं आणि ते नाव जगभर पसरलं. गंमत म्हणजे त्याच फेंडर यांच्या काही ॲम्प्लिफायरवर आवाज लहानमोठा करणाऱ्या सोयीला ‘व्हायब्रेटो’ असं नाव छापलेलं असे. दोन्हीकडे उलटंच. शब्दांवर ज्याचं पोट नसलं तरी जीव आहे अशा माझ्यासारख्या माणसाला या उलट्यापालट्या नावांची मोठी मौज वाटते. आज मीही ट्रेमोलोच म्हणणार आहे, कारण रूढ झालेल्या शब्दापुढे व्याकरणाचं काही चालत नाही.

मुळात ही दांडी हवीच कशाला? गिटारच्या मानेवर धातूचे पडदे पक्के बसवलेले असतात. बोट जिथे दाबाल तिथला ठरलेला सूर मिळतो. साध्या गिटारची घोडीही लाकडात घट्ट रोवलेली. म्हणजे तार दोन्ही टोकांना बांधलेली आणि मधे पडद्यांच्या पायऱ्या. माणसाचा गळा असा पायऱ्यांनी चालत नाही. तो एका सुरावरून दुसऱ्यावर घसरतो, हेलकावतो. आपल्या संगीतात मींड आणि आंदोलन यांना किती मान आहे हे मी वेगळं सांगायला नको. ज्या आकाशवाणीवरून मी हे बोलतो आहे, तिनंच १९४० साली हार्मोनियमला दार बंद केलं होतं. पक्क्या सुरांच्या पट्ट्यांतून मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, हा मुख्य आक्षेप. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. कव्वालीच्या बैठकीत वाढलेल्या आम्हा मंडळींना पेटीशिवाय गाणं सुचत नाही, पण आक्षेपात तथ्य होतं हे मान्य करावं लागतं.

गिटारवाल्यांपुढेही हाच प्रश्न होता. त्याचं एक उत्तर हवाई बेटांवरून आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या वादकांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तारांवर पोलादी कांडी फिरवायला सुरुवात केली. कांडी पडदे जुमानत नाही, त्यामुळे सूर गळ्यासारखा घसरतो. ही हवाईयन गिटार विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत वेडासारखी पसरली, मग आपल्याकडेही आली. व्हॅन शिपले यांच्या सिनेगीतांच्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना तो आवाज आठवेल. पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी आडव्या गिटारवर राग वाजवले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला तीच गिटार आहे. विजेच्या गिटारचा जन्मही याच वेडातून झाला. १९३२ च्या सुमारास बाजारात आलेली रिकनबॅकर कंपनीची ॲल्युमिनियमची गिटार मांडीवर घेऊन वाजवायची होती. तिचा आकार इतका तव्यासारखा की लोक तिला ‘फ्राइंग पॅन’च म्हणत.

पण उभी गिटार धरून पडद्यांवर बोटं चालवणाऱ्यांचं काय? त्यांनाही तो हेलकावा हवा होता. बोटानं तार बाजूला खेचता येते, सतारीवर मींड काढतात तशीच. मात्र तार खेचली की ताण वाढतो, सूर चढतोच. खाली उतरायचं तर आधी खेचून ठेवावी लागते. शिवाय चार-सहा तारांचा मेळ एकत्र हलवणं बोटांच्या आवाक्याबाहेरचं.

क्लेटन कॉफमन, ज्यांना सगळे डॉक म्हणत, ते स्वतः आडवी गिटार वाजवत. त्यांनी १९२९ साली एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ साली ते त्यांना मिळालं. गिटारच्या शेपटीकडे, जिथे तारा अडकवलेल्या असतात तो भागच हलता करायचा आणि त्याला दांडी लावायची, अशी ती कल्पना. दांडी बाजूला ढकलली की सगळ्या तारांचा ताण एकदम बदले. पेटंटमध्ये या कंपाला ट्रेमोलोच म्हटलं होतं, म्हणजे नावाच्या गोंधळाचा सगळा दोष फेंडर यांच्या माथी मारण्यात अर्थ नाही. याच कॉफमन यांनी १९३७ च्या सुमारास रिकनबॅकरसाठी अशी गिटार केली की तिच्या पोटात मोटर होती. मोटर कप्पी फिरवी आणि कप्पी तारा हलवी. गिटार इतकी जड झाली की तिला स्टँडचा आधार द्यावा लागे. हाताची थरथर मोटरीकडून मागायची हा उद्योग फार चालला नाही, आणि चालला नाही हे बरंच झालं.

कॉफमन यांच्या दांडीत खरी अडचण वेगळी होती. सूर वाके, पण परत जागेवर येत नसे. या दांडीचा पुढचा सगळा इतिहास हा परत येण्याच्या धडपडीचा आहे, म्हणून अडचण नीट समजून घेऊ. तारेचा ताण चौपट केला तर सूर एक सप्तक चढतो, हा जुना नियम. त्या हिशेबानं सूर एक पायरी, म्हणजे अर्धा स्वर, खाली आणायला ताण सुमारे ११ टक्के कमी करावा लागतो. विजेच्या गिटारच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० ते ४५ किलो. दांडी दाबताना यातला चार-पाच किलोंचा ताण आपण सोडतो आणि हात काढल्यावर तो तसाच्या तसा परत यावा अशी अपेक्षा करतो. पण तार वाटेत घोडीवर आणि वरच्या टोकाला नटच्या खाचेत घासते. खुंटीवरचे वेढेही सैल होतात. खाचेत तार केसभर अडकली तरी कानाला ते कळतं. आणि सगळ्या तारा सारख्या प्रमाणात उतरतही नाहीत. जाड, पातळ, वेटोळ्याची, साधी, प्रत्येकीची चाल वेगळी.

मर्ल ट्रॅव्हिस हा अमेरिकेतला नामांकित कंट्री गायक-वादक. त्याच्या गिब्सन गिटारवर कॉफमन यांचं यंत्र होतं आणि ते सुरात राहत नव्हतं. त्यानं ते पॉल बिग्जबी यांच्याकडे दुरुस्तीला नेलं. बिग्जबी यांचा जन्म १८९९ चा. मोटरसायकलींच्या शर्यतीत उतरलेला, क्रॉकर या मोटरसायकल कंपनीत ओतकामाचे साचे करणारा हा माणूस. हत्यारांशी खेळणारा हात वाद्याकडे वळतो याचं आपल्याला नवल वाटू नये. आमच्या मिरजेत सतारी-तंबोरे करणाऱ्या घराण्यांचे मूळ पुरुष शस्त्रांना धार लावणारे शिकलगारच होते.

बिग्जबी यांनी आधी जुनं यंत्र दुरुस्त करून पाहिलं आणि मग ते बाजूला ठेवून स्वतःचं घडवलं. १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. ओतीव ॲल्युमिनियमची चौकट, तिच्यात फिरणारा एक दांडा, त्या दांड्याला अडकवलेल्या तारा, शेजारी हाताची दांडी आणि तिच्याखाली मोटरसायकलच्या यंत्रात शोभेल अशी एक आखूड, जाड स्प्रिंग. एवढंच. याची झेप मोठी नाही. सूर थोडासा लवतो, मेळ हेलकावतो, झालं. पण बहुतेक वेळा परत येतो. चेट ॲटकिन्स यांना ते इतकं आवडलं की १९५५ च्या सुमारास ग्रेच कंपनीनं त्यांच्या नावाची गिटार काढली तेव्हा ती बिग्जबीसकट आली. १९५८ नंतर ड्वेन एडी यांनी जाड तारांवर घनगंभीर धून वाजवून शेवटी दांडी हलवली आणि त्या आवाजावर एक पिढी फिदा झाली. मला स्वतःला आजही बिग्जबीचा हेलकावाच जास्त आवडतो. त्यात आवाजाला खाली ढकलण्याचा हट्ट नाही.

फेंडर यांचा मार्ग निराळा. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी याच कॉफमन यांच्याबरोबर भागीदारीत कारखाना काढला होता. कॉफमन लवकरच बाहेर पडले. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिची अख्खी घोडीच झुलती होती. पुढे सहा स्क्रूंवर टेकलेली, खाली पोलादी ठोकळा, आणि गिटारच्या पाठीत कोरलेल्या पोकळीत पाचपर्यंत स्प्रिंगा. एका बाजूनं तारा ओढतात, दुसऱ्या बाजूनं स्प्रिंगा ओढतात, मधे घोडी तराजूच्या काट्यासारखी तोललेली. त्यामुळे एक तार तुटली की काटा कलतो आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. मैफल रंगात असताना हे घडलं तर वादकाच्या तोंडचं पाणी पळतं. इंग्लंडमध्ये हँक मार्विन यांना अशी पहिली गिटार १९५९ मध्ये क्लिफ रिचर्ड यांनी अमेरिकेतून मागवून दिली. हे क्लिफ रिचर्ड जन्मानं लखनौचे, १९४० चे. पुढच्याच वर्षी ‘शॅडोज’ या वाद्यवृंदाची ‘अपाचे’ ही धून आली आणि दांडीचा तो मऊ कंप घराघरांत पोचला. मग १९६९ च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्स यांनी आपल्या देशाचं राष्ट्रगीत वाजवताना याच दांडीनं सूर असे पाताळात नेले की ऐकणाऱ्याला बॉम्बच आठवावेत. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं. हेंड्रिक्स वाजवता वाजवता खुंट्या पिळून तारा लावत, कारण इतकं वाकवल्यावर परत येणं त्या घोडीला झेपणारं नव्हतं.

ते झेपवलं फ्लॉइड रोझ यांनी. त्यांना १९७९ साली पेटंट मिळालं. त्यांनी तार नटपाशी आणि घोडीपाशी दोन्हीकडे शिकंज्यात आवळून टाकली. खुंटीचा आणि खाचेचा प्रश्नच मिटला. तार लोंबेपर्यंत दाबा, परत येते. किंमत अशी की तार बदलायची तर स्क्रू पिळण्याची हत्यारं लागतात.

आता खरा पेच येतो तो पक्क्या घोडीची गिटार हाती असलेल्यांचा. फेंडर यांचीच टेलिकास्टर, गिब्सनची लेस पॉल, या गिटारींची घोडी हलत नाही आणि त्यांचा भरीव, टिकणारा आवाज काही अंशी त्याचंच फळ आहे असं वादक मानतात. तिला दांडी लावायची तर फेंडर किंवा रोझ पद्धतीसाठी लाकूड आरपार कोरावं लागतं. बिग्जबी वरून बसतो, तरी बहुतेक प्रकारांना स्क्रूची भोकं आलीच. नील यंग यांनी आपल्या १९५३ च्या काळ्या लेस पॉलवर बिग्जबी लावलेला आहे आणि त्या गिटारचा आवाज त्याच्याशिवाय कल्पनेत येत नाही. पण जुन्या गिटारींच्या बाजारात नंतर पाडलेल्या भोकानं किंमत उतरते, भोक कितीही सफाईनं बुजवलं तरी.

माझ्या भाच्यानं पुण्यात टेलिकास्टरच्या घडणीची जुनी गिटार घेतली आणि मला फोनवर विचारलं, ‘‘मामू, चार भोकांनी लाकडाचं काय बिघडतं?’’ मी म्हटलं, ‘‘लाकडाचं नाही बेटा, निर्णयाचं बिघडतं. दांडी काढता येते, भोक काढता येत नाही.’’ त्याला मी आधी दोन गोष्टी करायला लावल्या. एक म्हणजे नटच्या खाचांत शिसपेन्सिलीचा भुगा भरायचा. दुरुस्तीवाल्यांची ही जुनी युक्ती, त्यानं तार सुळसुळते. दुसरी म्हणजे हल्ली मिळणारी जोडपट्टी आणायची. ती गिटारच्या आधीच्याच स्क्रूंवर बसते आणि तिच्यावर बिग्जबी बसतो. नवं भोक नाही, नको वाटलं तर पूर्ववत. अशा पट्टीसाठी थोडे जास्त पैसे गेले तरी ते वाया गेले असं मी मानत नाही. तो मात्र अजून घासाघीस करतो आहे.

बिग्जबी यांनी १९६० च्या दशकाच्या मध्याला आपला उद्योग गिब्सनचे माजी अध्यक्ष टेड मकार्टी यांना विकला. १९६८ मध्ये ते वारले. पुढे १९९९ मध्ये तो ग्रेचकडे आणि २०१९ मध्ये खुद्द फेंडर कंपनीकडे गेला. म्हणजे एकमेकांचे स्पर्धक असलेले हे दोन मार्ग आता एकाच छपराखाली आहेत.

आणि भोकांचं म्हणाल तर ती कारखान्यालाही चुकली नाहीत. गिब्सनची ईएस-३३५ ही गिटार १९५८ साली आली. तिच्या लाकडात तारा अडकवण्याच्या पक्क्या कांबीसाठी भोकं पाडलेली असत. गिऱ्हाइकानं बिग्जबी मागितला की कांबीची गरज उरत नसे, मग भोकं उघडी पडत. कारखान्यात त्यांवर एक छोटी पट्टी ठोकत आणि पट्टीवर मोठ्या दिमाखात कोरलेलं असे, ‘कस्टम मेड’, खास आपल्यासाठी बनवलेली. अशा गिटारी अजून विकायला येतात. जाणकार गिऱ्हाईक ती पट्टी पाहून हसतं आणि खालची भोकं तपासतं.