एका फळीची बखर

शब्दांनाही माणसांसारखे कूळ असते आणि माणसांसारखेच नशीबही असते. कुणी जन्मगावातच संपतो, तर कुणी परमुलखात जाऊन घरदार करतो, सोयरिकी जुळवतो आणि अखेर तिथलाच होऊन जातो. आपल्या सीमाभागात असा एक परका शब्द चार-पाच पिढ्यांपासून तळ ठोकून आहे. मराठी घरात तो आहे, कानडी घरातही आहे आणि दोन्हीकडे त्याला सारखाच मान आहे. तो शब्द म्हणजे ‘बोर्ड’.

वाचकहो, एका दिवसात आपण हा शब्द किती अर्थांनी वापरतो ते मोजून पाहा. एस्.टी.चा बोर्ड पाहिल्याशिवाय आपण गाडीत चढत नाही. मास्तर बोर्डावर गणित मांडतात. शेजारचा मुलगा यंदा ‘बोर्डाला’ असतो. संध्याकाळी पोरे कॅरमचा बोर्ड मांडतात आणि दिवे गेले की आधी स्विचबोर्ड चाचपला जातो. कर्नाटकच्या वीज मंडळाची १९९९ साली कंपनी झाली, पण त्यानंतरही कितीतरी वर्षे आमच्याकडे विजेचे बिल ‘के.ई.बी.’चेच राहिले, त्यातला शेवटचा ‘बी’ म्हणजेही बोर्डच. एक शब्द आणि इतकी कामे! आमच्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखी याची गत.

मुळात हा शब्द अगदी साधा, सुतारकामातला. जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. मध्ययुगीन इंग्रजांच्या घरी जेवणाचे टेबल म्हणजे घोडीवर टाकलेली लांब फळीच असे. जेवणे उरकली की ती उचलून ठेवायची. त्यामुळे फळीचा अर्थ टेबल झाला आणि टेबलाचा अर्थ त्यावरचे अन्न झाला. राहण्या-जेवण्याच्या सोयीला ‘बोर्डिंग’ म्हणतात ते यामुळेच. ज्या फळीवर पेले मांडून ठेवत ती ‘कपबोर्ड’. पुढे तिला दारे लागली आणि तिचे कपाट झाले. पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर, सर्वांना दिसतील असे ठेवायचे, म्हणून सरळ व्यवहार तो ‘अबव्ह बोर्ड’.

दुसरीकडे जहाजाच्या कडेलाही जुन्या इंग्रजीत बोर्डच म्हणत. सुकाणूचे वल्हे उजव्या बाजूला असे, म्हणून उजवी बाजू ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू. डावीला ‘लारबोर्ड’ म्हणत. वादळात हे दोन्ही शब्द सारखेच ऐकू येत आणि घोटाळे होत, म्हणून ब्रिटिश आरमाराने १८४४ साली डावीला ‘पोर्ट’ म्हणण्याचा हुकूम काढला. आज विमानात चढताना आपण जो ‘बोर्डिंग पास’ दाखवतो त्याचे मूळ या जहाजाच्या फळीत आहे.

पण या फळीचे खरे भाग्य उजळले ते तिच्याभोवती माणसे बसू लागल्यावर. जेवणाच्या टेबलाशी मसलती होऊ लागल्या आणि टेबलाचे नाव तिथे बसणाऱ्यांना लागले. आपल्याकडेही असेच घडले आहे. ज्यावर बसायचे ती गादी. तिचा अर्थ राज्य झाला. फळीचा अर्थ रांग झाला आणि आज आपण ‘दुसऱ्या फळीचे पुढारी’ म्हणतो. फरक एवढाच की आपली गादी एकाची, तर इंग्रजांची फळी अनेकांची.

या फळीभोवती बसलेल्या माणसांनीच पुढे आपल्या देशाचा कारभार पाहिला. १७८४ च्या कायद्याने कंपनी सरकारवर नजर ठेवायला लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ बसले. ते १८५८ पर्यंत चालले. मद्रासेत व कलकत्त्यात महसुलाची बोर्डे आली. मुंबई इलाख्यात १८४० साली शिक्षणाचे बोर्ड स्थापन झाले आणि त्यात नाना शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय सभासदही बसले. मुलांना शिकवायचे कोणत्या भाषेत, यावर या बोर्डात उभी फूट पडली. अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे. नाना शंकरशेट आणि जर्व्हिस साहेब देशी भाषांच्या बाजूचे. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. साहेबाच्या फळीशी बसून साहेबालाच ‘आमची पोरे आमच्या भाषेत शिकतील’ असे सांगणारा माणूस तिथे होता. फळीशी जागा मिळणे म्हणजे काय, हे यावरून कळते. ज्याला जागा नाही, त्याच्याविषयी बोलले जाते; त्याच्याशी बोलले जात नाही.

लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा. त्यानंतर १८८४ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. बेळगाव तेव्हा याच इलाख्यात, दक्षिण विभागाच्या कमिशनरचे ठाणे. ‘लोकल बोर्डाची शाळा’, ‘बोर्डाचा रस्ता’, ‘बोर्डाचा दवाखाना’ हे शब्द खेड्यातल्या म्हातारीच्याही तोंडी बसले. १९२३ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने स्कूलबोर्डे आली. मराठी शाळा आणि कानडी शाळा एकाच बोर्डाच्या छत्राखाली चालत, आणि दोन्हीकडचे मास्तर पगाराला उशीर झाला की एकाच बोर्डाच्या नावाने खडे फोडत.

जेवणाच्या फळीनेही आपल्याकडे मोठे काम केले. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला हात दिला आणि मग तिथे जातीजातींची बोर्डिंगे उभी राहिली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकच बोर्डिंग काढले. ज्या मुलांना गावच्या पंक्तीत शेजारी बसता येत नव्हते, ती तिथे एका पंक्तीत जेवली. या शब्दाचा याहून चांगला अर्थ माझ्या तरी पाहण्यात नाही.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि शब्दांच्याही वाटण्या झाल्या. तिकडे महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि लोकल बोर्ड हा शब्द मागे पडला. त्याच वर्षीच्या पदनाम कोशाने मराठी कारभाराला नवे शब्द दिले. बोर्डाला ‘मंडळ’ रूढ झाले. इकडे १९५९ च्या म्हैसूरच्या कायद्याने तालुका डेव्हलपमेंट बोर्डे स्थापन झाली. चार कोसांच्या अंतरावर दोन सोयरे. एकाचा रस्ता परिषदेचा, दुसऱ्याचा बोर्डाचा! मुलांचेही तसेच. ‘कोणत्या बोर्डाचा?’ हा प्रश्न पुण्यात मार्कांपुरता असतो. आमच्याकडे त्याच्या उत्तरावर कॉलेजातला प्रवेश आणि पुढची नोकरी अवलंबून असते.

आणि शेवटी उरते ती पाटी. गावाच्या वेशीवरची, दुकानाच्या माथ्यावरची. २०१४ च्या जुलैत येळ्ळूरच्या वेशीवरचा, गाव महाराष्ट्रात असल्याचे सांगणारा फलक न्यायालयाच्या आदेशानंतर हटवला गेला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, पुन्हा काढला गेला आणि लाठ्या चालल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला सरकारी पाट्यांवर ‘बेळगाव’चे ‘बेळगावी’ झाले. २०२२ साली महाराष्ट्राने लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिले. २०२४ साली कर्नाटकाने पाटीवर साठ टक्के कानडी असा कायदा केला. दोन्हीकडची तळमळ एकच आहे: आपल्या गावात आपली अक्षरे दिसावीत. इथल्या मराठी माणसाला ही तळमळ कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच ती शेजाऱ्यालाही असते, हे त्याने ओळखावे आणि शेजाऱ्यानेही आमची ओळखावी, एवढीच अपेक्षा आहे.

पाटीवर मावतील तेवढीच अक्षरे लिहिता येतात, हे खरे. टेबलाचे मात्र तसे नाही. माणसे वाढली तर शेजारी आणखी एक फळी टाकता येते. मध्ययुगीन इंग्रज ते करत असत आणि आमच्या लग्नघरातही एक पंगत वाढवायला कुणी नाही म्हणत नाही. आमच्या वाट्याला या शब्दाचा पाटी हाच अर्थ फार आला. टेबल हा अर्थ शाळेच्या समितीत, नगरपालिकेत आणि कचेरीतल्या कागदात थोडा अधिक आला असता, तर पाटीवरून लाठी खाण्याची वेळ कदाचित आली नसती.