टेंभुर्णीच्या भावकीतला ड्रायव्हर

मोबाइल नांदेडजवळच्या विष्णुपुरीतच ठेवून या. जिथे निघालोय तिथे त्याचा काही उपयोग नाही. जाता जाता धरणाचा फोटो काढू म्हणाल, तर धरणही अजून झालेलं नाही. आत्ता गोदावरीच्या पात्रात बायका वाळू उकरून झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीने घागरीत भरतायत. बाहत्तरचा दुष्काळ आहे. तुमचं वय चौदा, अंगात थोरल्या भावाचा सदरा आणि हातात भाकरीचं फडकं. चला.

नांदेडला मीटरगेजच्या डब्यात शिरा. दारातून नको, तिथे गाठोडी, पत्र्याच्या पेट्या आणि एक शेळी आहे. खिडकीतून शिरा. खिडकीपाशी बसाल तर इंजिनातली कोळशाची कणी डोळ्यात जाणार, आत सरकाल तर शेजारच्या मामांच्या बिडीचा धूर नाकात. ती बिडी नीट बघून ठेवा. तिचं पान टेंभुर्णीचं, आपल्या किनवटच्या रानात उदंड असलेल्या झाडाचं. या झाडाच्या भावकीशी तुमची पुढे गाठ पडणार आहे.

मनमाडला गाडी बदला, कुर्ल्याला हार्बर लोकल धरा, चेंबूरला उतरा. चेंबूर आलं हे डोळ्यांआधी नाकाला कळेल. तेलशुद्धीकरण कारखान्यांचा गॅस, खताच्या कारखान्याचा डोळे चुरचुरवणारा वास आणि मधूनच तळणीतून निघालेला बटाटावडा. ट्रकचे भोंगे, घामेजलेली गर्दी. आणि मग एक फाटक, त्याच्या आत नुसतं गवत. दुष्काळातून आलेल्या डोळ्यांना एवढं हिरवं एकदम सोसत नाही. इथे किती जनावरं चरतील याचा हिशेब तुम्ही मनातल्या मनात सुरूही केलाय.

हा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, १९२७ सालचा. इथे जनावरं चरत नाहीत, साहेब लोक चेंडू मारतात आणि पोरं त्यांच्या पिशव्या वाहतात. झाडाखाली बसलेला म्हातारा कॅडी तुम्हाला न्याहाळतो.

‘‘कुठला रे तू?’’

‘‘नांदेडचा.’’

‘‘बॅग उचलशील?’’

‘‘ज्वारीचं पोतं उचलतो की!’’

झालं, नोकरी लागली. पिशवी खांद्यावर घ्या. चामडं, घाम आणि ओलं गवत यांचा मिळून एक वास येईल. सगळ्यात लांब काठीच्या डोक्यावर लोकरीची टोपी आहे, ती हळूच काढा. हा ड्रायव्हर, चेंडू लांब धाडायची काठी. गडद तपकिरी लाकडाचं डोकं, त्यावर आरशासारखं पॉलिश. तोंडावर लाल चकती, पितळी स्क्रूंनी आवळलेली. बुडाला धातूची पट्टी. डोकं आणि पोलादी दांडा जिथे जुळतात तिथे मेणाचा काळा दोरा गच्च गुंडाळलेला. आजच्या ड्रायव्हरचं डोकं ४६० घनसेंटिमीटरपर्यंत वाढलंय, हे त्याच्या निम्म्याहून लहान. आणि हे लाकूड पर्सिमनचं, म्हणजे अमेरिकेतल्या टेंभुर्णीचं. कूळ तेच. तिकडची भावकी गोल्फ खेळते, इकडची बिडीत जळते आहे.

हे लाकूड इतकं घट्ट की मागावरचे धोटेही त्याचेच करत. दिवसभर आपटायचं आणि फुटायचं नाही, हे धोट्याचं कामच. अमेरिकेत डेटन गावी मॅकग्रेगर कंपनीवाले आधी चांभाराची कलबुतं करायचे. कलबुताच्या लेथवरच त्यांनी ड्रायव्हरची डोकी उतरवली, आणि पुढे गोल्फर जॅक निकलसच्या हातात मॅकग्रेगरचा ड्रायव्हर आला. १९६३ साली डॅलसच्या लांब टोल्याच्या स्पर्धेत त्याने लाकडी ड्रायव्हरने ३४१ यार्ड चेंडू धाडला. म्हणजे तीनशे मीटरच्याही पुढे.

श्श! साहेब उभे राहिलेत. लांबवर आगेवाला तयार आहे. चेंडू कुठे पडला ते पाहायचं आणि कावळ्याने उचलायच्या आत गाठायचा, हे त्याचं काम. टक्क! कोरडा, नेमका आवाज. दुसऱ्या टोल्याला मात्र भद्द. साहेबांचे हात झिणझिणतात. ते आधी ड्रायव्हरकडे बघतात, मग तुमच्याकडे, जणू झाड तुम्हीच लावलं होतं.

संध्याकाळी साहेब गेले की पोरांचा खेळ सुरू होतो. मान तडकलेला, दोऱ्याने आवळलेला एक जुना ड्रायव्हर फिरत फिरत तुमच्या हाती येतो. विटी-दांडूवर तयार झालेले हात आहेत, भीती कसली? पहिला फटका हवेत. दुसऱ्याला ढेकूळ उडतं आणि पोरं गवतावर लोळून हसतात. आता दात-ओठ खाणं सोडा, दांडा सैल धरा. टक्क! चेंडू गेला, आणि हातांना काहीच जाणवलं नाही. मधोमध बसलेल्या टोल्याची खूण हीच. टोकाकडे बसला तर हे तोंड थोडं फुगीर असल्यामुळे चेंडू उजवीकडे निघून पुन्हा डावीकडे वळतो. चूक पोटात घालायची सोय आहे, पण हाताला कळवल्याशिवाय नाही.

पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, फुगतं. म्हातारा कॅडी चिंधीवर जवसाचं तेल घेऊन चोळत बसतो. तो वास आला की तुम्हाला घरच्या चटणीची आठवण येते. कारखानदारही हीच डोकी जवसाच्या तेलात मुरवून विकायचे.

आता परत या. तुम्ही तिकडे असताना काय काय झालं ते सांगतो. १९७९ साली पोलादी डोक्याचा ड्रायव्हर बाजारात आला, मग टायटॅनियमचा. तरी १९९३ सालच्या मास्टर्स स्पर्धेत बर्नहार्ड लँगर लाकडी ड्रायव्हर घेऊनच जिंकला. धातूच्या ड्रायव्हरने चेंडू लांब जातो, वाकडा टोलाही तो सांभाळून घेतो, म्हणून त्याचं राज्य आलं ते रास्तच आहे. लाकडी ड्रायव्हर काही जुने खेळाडू आजही सोडत नाहीत, कारण तो खोटी शाबासकी देत नाही. टोला कसा बसला, हे चेंडू पडायच्या आधी तळहाताला समजतं.

तेव्हा जुन्या बाजारात, भंगारात असा एखादा सापडला तर भिंतीवर टांगू नका. मानेचा दोरा तपासा, स्क्रू आवळा, जवसाचं तेल चोळा. मऊ चेंडू घ्या आणि मोकळ्या मैदानात मारून बघा.