पडद्यावर न दिसणारा कर

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढची वीसएक वर्षे पडद्यावरची अर्थसंकल्पाची बातमी म्हणजे सरकारने स्वतःच्या तोंडाने सांगितलेली सरकारची बातमी होती. तिचा पक्षपात उघड होता, आणि उघड असल्यामुळेच तो फारसा बाधत नसे. मालकाची बाजू मालकाच्या तोंडून ऐकताना कामगार सावध असतो; तीच बाजू पंचाच्या तोंडून आली म्हणजे तो फसतो.

नव्वदीच्या दशकात खाजगी वाहिन्या आल्या, तेव्हा असा पंच मिळाला असे पुष्कळांना वाटले. २८ फेब्रुवारी १९९७ रोजी पी. चिदंबरम यांनी प्राप्तिकराचा कमाल दर ४० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आणि देशी कंपन्यांचा ३५ टक्क्यांवर आणला. त्या अर्थसंकल्पाला ‘ड्रीम बजेट’ हे नाव पडले व ते आजतागायत टिकले आहे. स्वप्न कोणाचे, एवढे मात्र त्या नावात सांगितलेले नाही.

२० सप्टेंबर २०१९ रोजी पणजी येथे निर्मला सीतारामन यांनी सवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा मूळ दर २२ टक्के व नव्या कारखानदार कंपन्यांचा १५ टक्के केला. वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, हा सरकारचाच अंदाज होता. त्या दिवशी सेन्सेक्स १,९०० अंशांहून अधिक चढला, आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तो आकडाच जणू निर्णयाचा निकाल ठरला. आम्ही पाहिलेल्या चर्चांत शेअर दलाल होते, उद्योगपती होते. कामगार संघटनेचा माणूस आम्हांस दिसला नाही.

मे २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, केंद्राने पेट्रोलवरचा कर लिटरमागे १० रुपये व डिझेलवरचा १३ रुपये वाढविला. जगात कच्चे तेल स्वस्त झाले होते, म्हणून या वाढीने पंपावरचा भाव हलला नाही. आणि भाव हलला नाही म्हणून ओरडही झाली नाही. आमच्या घरी यावयाची स्वस्ताई वाटेतच तिजोरीत उतरली.

येथे कोणी खोटे बोलले असे नव्हे. आकडे खरेच असतात. पक्षपात आहे तो ‘करदाता’ या शब्दात. पडद्यावर करदाता म्हणजे प्राप्तिकर भरणारा. गेटसभेत आम्ही विचारतो, “कर कोण भरतो?” एकही हात वर होत नाही. वस्तुतः २०१७ पासून अंगाच्या साबणावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. वेष्टनावर ‘सर्व करांसह’ एवढीच बारीक अक्षरे. सप्टेंबर २०२५ मध्ये तो ५ टक्के झाला, तेव्हा पडद्यावर उत्सव झाला. आठ वर्षे जो कर दिसला नाही, तो उतरताना तेवढा दिसला!

याचे मोल मोठे आहे. जो स्वतःला करदाता समजत नाही, तो हिशेब मागत नाही. सरकारी दवाखान्यात औषध नसले तर तो हक्क सांगत नाही, हात जोडतो. कर कमी झाला ही बातमी अर्धीच होय. तो कोणाचा कमी झाला आणि भरपाई कोणाच्या खिशातून झाली, हे विचारल्यावर ती पुरी होते. आणि हे विचारण्याचा अधिकार साबणाची वडी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला आहे.