बर्फात उभा राहिलेला राजा

साल १०७७, जानेवारीची थंडी. इटलीतल्या कानोसा किल्ल्याच्या दाराशी जर्मनीचा राजा चौथा हेन्री तीन दिवस माफीसाठी ताटकळतोय. अनवाणी, असं म्हणतात. आत आहेत पोप सातवे ग्रेगरी.

भांडण कशावरून? बिशप कोणी नेमायचा यावरून. तुम्ही म्हणाल, यात राजाला काय पडलंय? तर बघा, तेव्हाचा बिशप म्हणजे नुसता पुजारी नव्हे. त्याच्याकडे जमिनी, महसूल, सैनिक. सरदार मेला की जहागीर सहसा त्याच्या पोराकडे जायची. बिशपला कायदेशीर वारसच नाही, म्हणून जागा रिकामी झाली की राजा आपला माणूस बसवायचा. आमच्या भाषेत, ॲडमिन राइट्स राजाकडे होते आणि पोपना तेच काढून घ्यायचे होते.

१०७६ मध्ये हेन्रीने पोपना पायउतार व्हायला सांगितलं. पोपनी त्यालाच बहिष्कृत केलं, प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. सरदार टपलेलेच होते! वर्षाच्या आत बहिष्कार उठला नाही तर तू राजा नाहीस, म्हणाले.

म्हणून कानोसा. मला तरी यात पश्चात्ताप कमी आणि डाव जास्त दिसतो. दारात क्षमा मागणाऱ्याला धर्मगुरू हाकलणार कसा? माफी मिळाली, भांडण राहिलंच. १०८४ मध्ये हेन्रीने रोम घेतलं. पुढच्या वर्षी ग्रेगरी रोमपासून दूर वारले. तडजोड झाली थेट ११२२ मध्ये, वर्म्सला. तेव्हा हेन्रीही हयात नव्हता.

तेव्हा धर्माचा वाद दिसला की आधी विचारा, नेमणुका कोण करतंय? भेटू पुढच्या भागात!