गडावर पायी जाऊन आलात? रक्त तपासणीआधी हे वाचा

पंचवटी (नाशिक) : पंचवटी ते सप्तशृंगी गड पायी म्हणजे साधारण ६० किलोमीटर. असं चालून आल्यावर किंवा पोलीस भरतीसाठी जोरात पळाल्यावर दुसऱ्याच दिवशी रक्त दिलं, तर रिपोर्टमधले काही आकडे वाढलेले दिसतात. लगेच घाबरू नका.

काय वाढतं?
• सीपीके : स्नायूंवर ताण आला की रक्तात वाढतं. १ ते ३ दिवसांत सर्वांत जास्त. उतरायला आठवडाही लागतो.
• एसजीओटी, एसजीपीटी : लिव्हरच्या तपासणीत असतात, पण स्नायूंमधूनही येतात. बिलिरुबिन, जीजीटी नॉर्मल असेल तर कारण मेहनतीचं असू शकतं. ते डॉक्टरच ठरवतील.
• क्रिएटिनिन, पांढऱ्या पेशी : काही काळ वाढू शकतात.

काय करावं?
नेहमीची तपासणी असेल तर आधी २-३ दिवस, सीपीकेसाठी आठवडाभर जड मेहनत टाळा. केली असेल तर डॉक्टरांना सांगा. मनाने गोळ्या बंद करू नका.

हे अंगावर काढू नका : लघवी चहासारखी काळपट, अंग असह्य दुखणं, हातापायातली ताकद जाणं. किडनीला धोका असतो, तडक दवाखाना गाठा.